बंद गिरणीच्या जागेवर मैदान करण्याआधी

जळगाव-धुळ्याकडे बंद पडलेली गिरणी गावाच्या ताब्यात आली की लगेच मैदानाचा आराखडा निघतो. थोडं थांबा, आधी मातीत विष मुरलंय का ते तपासा. जुन्या कामगारांना सोबत घेऊन जागेचा कच्चा नकाशा काढा: कापड रंगवायचं खातं, डिझेलची टाकी, ट्रान्सफॉर्मर, बॉयलरच्या राखेचा ढीग.

मातीचे नमुने तिथूनच घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी 15 सेंमी, 50 सेंमी व 1 मीटर खोलीवरून वेगवेगळे. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सांडलेलं तेल त्यातून थेट खाली उतरतं, पावसात भेग मिटते आणि वर काहीच दिसत नाही. नुसता वरचा थर तपासला तर अहवाल स्वच्छ येतो, इथेच फसगत होते. तेल तपासायच्या मातीचा नमुना काचेच्या बरणीत काठोकाठ भरून बर्फात ठेवा. धातू तपासायच्या नमुन्याला गंजलेलं फावडं लावू नका.

डिझेलची माती जाड प्लास्टिकवर 30 सेंमी थरात पसरा, शेणखत मिसळा, ओलसर ठेवा, आठवड्याला उलथा. शिसं आणि क्रोमियम मात्र याने जात नाहीत. असे धातू असलेली माती प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून अधिकृत घातक कचरा प्रकल्पातच पाठवावी लागते.

सिमेंटचे जुने पत्रे बहुतेकदा अॅस्बेस्टॉसचे असतात, आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ओले करून, न फोडता उतरवा.

आणि कळकळीची विनंती: पाणीटंचाई आहे म्हणून अशा जागेत शोषखड्डा घेऊ नका. मातीतलं विष शेजारच्या विहिरींत पोहोचतं. पावसाचं पाणी गटारीने बाहेर काढा, विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासा.