समुद्राकाठच्या कातळावर टॉप रोप कसा लावावा

टॉप रोप म्हणजे कड्याच्या माथ्यावरच्या अँकरमधून (दोर अडकवायच्या भक्कम आधारातून) ओवलेला चढाईचा दोर: एक टोक चढणाऱ्याला बांधलेलं, दुसरी बाजू खाली उभा असलेला साथीदार धरतो, म्हणजे बिले देतो. गोव्यात चढाईला निघण्याआधी दगड ओळखायला शिका. सडा (जांभ्याचं सपाट माळरान) संपतो तिथून समुद्राकडे उतरणारे तांबूस, भोकाभोकांचे कडे जांभ्याचे असतात. उघड्या हवेत त्याचं वरचं कवच टणक होतं, म्हणून पकड भक्कम वाटते. आत मात्र दगड मऊच राहतो आणि वजन पडलं की कपचा अख्खा हातात येतो. जांभा घर बांधायला उत्तम, दोर बांधायला नाही. किल्ल्यांच्या तटांवरही चढू नका: चिरे तसेच ठिसूळ, शिवाय संरक्षित वास्तू.

दोराचं काम काळ्या-राखाडी, टणक कातळावरच करावं. काणकोणकडे ग्रॅनाइट आणि नाईस हा पट्टेदार खडक मिळतो, दोनापावलाजवळ ग्रेवॅक हा टणक वालुकाश्म, सत्तरीच्या घाटाकडे सह्याद्रीचा बेसॉल्ट. मोले, म्हादई, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. कपारीत आग्या मोहोळ दिसलं तर त्या कड्याचा नाद सोडा, आवाजसुद्धा करू नका.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी लवकर सुरुवात करा, उन्हात कातळ तापला की हाताला घाम सुटतो आणि पकड निसटते. कड्याचा पाया भरतीच्या पाण्यात जात असेल तर मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सुमारे दोन मीटर चढतं-उतरतं. ओहोटी लागल्यावर उतरा आणि पाणी परतायच्या आत सामान वर काढा. पायथ्याच्या शेवाळावर चढाईचे बूट घालून चालू नका, ते ओल्या दगडावर घसरतात. कालवांच्या कडा तर दोराचं आवरण सहज कापतात, म्हणून दोर नेहमी ताडपत्रीवर ठेवा.

दहा-बारा मीटरच्या कड्यासाठी 10 मिमीचा किमान 40 मीटर डायनॅमिक (झटका शोषण्यासाठी ताणला जाणारा) दोर पुरतो. अँकरसाठी 10 किंवा 11 मिमीचा 20 मीटर स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर वेगळा घ्या. त्याशिवाय 120 सेंमीच्या तीन-चार स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे वेढे), पाच-सहा लॉकिंग कॅराबिनर (कुलूपबंद होणाऱ्या धातूच्या कड्या), बिले डिव्हाइस (दोर रोखणारं साधन), हार्नेस (कमरेचा पट्टा). हेल्मेट दोघांनाही, खाली उभ्या असलेल्याला आधी.

आता अँकर. बरेचजण कड्याच्या माथ्यावर आयता बोल्ट शोधतात. समुद्राजवळ हाच सर्वांत फसवा भाग आहे. खाऱ्या, उष्ण हवेत क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलला आतून सूक्ष्म तडे जातात. बाहेरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि शरीराच्या वजनानेही तुटू शकतो. थायलंडमधल्या रायलेच्या सागरी कड्यांवर हा प्रकार घडला, म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट बसवले गेले. कोणी, कधी, कुठल्या धातूचा ठोकला हे ठाऊक नसलेला बोल्ट अँकर म्हणून धरूच नका.

त्याऐवजी झाड किंवा धोंडा, आणि दोन वेगवेगळे. झाड जिवंत हवं, खोड मांडीपेक्षा जाड हवं, मूळ खोल गेलेलं हवं. सड्यावर माती वीतभरच असते, त्यामुळे काजू दिसायला दणकट असला तरी मुळं पसरट असतात, माडाचंही तेच. धोंडा कपाटाएवढा तरी असावा, पक्क्या कातळावर बसलेला, दोघांनी जोर लावूनही न हलणारा. कॅराबिनरने ठोकून बघा: खणखणीत वाजला तर ठीक, भद्द वाजला तर खाली पोकळी किंवा भेग आहे. स्लिंग बुंध्याशी, जमिनीलगत गुंडाळा. वर बांधली तर ओढीची तरफ होते.

माथ्यावर काम करणाऱ्याने आधी स्वतःला मागच्या झाडाला बांधावं, इतकं आखूड की कड्यावरून पडताच येणार नाही. मग स्टॅटिक दोराचं एक टोक पहिल्या स्लिंगच्या कॅराबिनरला फिगर ऑफ एटने (इंग्रजी 8 च्या आकाराच्या गाठीने) अडकवा. मधला लांब फासा घेऊन तो पुन्हा दुमडा आणि चौपदरी भागाची एक मोठी गाठ मारा. दोन फासे खाली लोंबतील. उरलेला छोटा फासाही या दोन फाशांबरोबर खाली लावायच्या कॅराबिनरमध्ये घ्या. दुसरं टोक दुसऱ्या स्लिंगच्या कॅराबिनरला क्लोव्ह हिच या सरकवता येणाऱ्या गाठीने बांधा, म्हणजे लांबी कमी-जास्त करून दोन्ही बाजूंवर सारखा ताण आणता येतो. शेवटी तिथेच आणखी एक गाठ मारून टोक बंद करा.

खालच्या गाठीपासून दोन अँकरकडे जाणाऱ्या दोराच्या दोन भुजांमधला कोन 60 अंशांच्या आत ठेवा. तेवढ्या कोनात प्रत्येक भुजेवर वजनाच्या सुमारे 58 टक्के ओढ येते, 90 ला 71 आणि 120 ला पूर्ण 100 टक्के, म्हणजे दोन अँकरमध्ये भार वाटल्याचा फायदाच संपतो. टॉप रोपमध्ये अँकरवर चढणाऱ्याचं वजन आणि बिले देणाऱ्याची ओढ मिळून जवळजवळ दुप्पट भार येतो हेही धरा.

खालच्या गाठीच्या फाशांत दोन लॉकिंग कॅराबिनर विरुद्ध तोंडांनी लावा, त्यांतून डायनॅमिक दोर ओवा आणि गाठ कड्याखाली हातभर लोंबू द्या, नाहीतर डायनॅमिक दोर धारेवर घासतो. स्टॅटिक दोर जिथे धारेवरून जातो तिथे गोणपाट दुमडून ठेवा, आणि ते वाऱ्याने सरकू नये म्हणून बांधा.

बिले देणाऱ्याच्या बाजूचं दोराचं मोकळं टोक गाठ मारून बंद करा. दोर कमी पडून डिव्हाइसमधून निसटणं हा अगदी टाळण्यासारखा अपघात आहे. चढणाऱ्याने हार्नेसच्या दोन्ही टाय-इन पॉइंटमधून फिगर ऑफ एट बांधावी, शेपटी किमान वीतभर. बिले देणाऱ्याने डिव्हाइस हार्नेसच्या पुढच्या बिले लूपमध्येच लावावं आणि ब्रेकचा हात कधीही सोडू नये. त्याने कड्याजवळ, थोडं बाजूला उभं राहावं. लांब उभा राहिला तर झटक्याने पुढे ओढला जातो, अगदी खाली राहिला तर दगड डोक्यावर येतो. प्रत्येक चढाईपूर्वी एकमेकांची गाठ, बकल आणि कॅराबिनरचं लॉक हात लावून तपासा, नुसतं बघून नाही. पहिल्यांदा दोन मीटरवरच मुद्दाम दोरावर बसून बघा.

पहिले काही दिवस हे सगळं जाणत्या प्रशिक्षकासमोरच करा. अपघात झाला तर 108 ला फोन करा आणि मणका दुखत असेल तर जखमीला हलवू नका. उत्तर गोव्यात गंभीर इजा असली की रुग्ण सहसा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातच नेला जातो, त्यामुळे गाडीपर्यंतची वाट सकाळीच पाहून ठेवा.

घरी आल्यावर दोर, स्लिंग आणि कॅराबिनर त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवा. मिठाचे कण दोराचे धागे आतून घासतात आणि ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते. दोर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कॅराबिनरचं गेट अडखळत असेल तर बिजागरीत तेलाचा थेंब सोडून पुसून घ्या, तरीही आपोआप बंद होत नसेल तर तो काढून टाका.