वस्तीची घरनिहाय कागद-नोंद कशी करावी: एनएसएस गट आणि युवा मंडळांसाठी

मुंबईच्या झोपडपट्टीत एखादं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत असलं तरी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत त्याला घर मिळणार की नाही, हे परिशिष्ट-२ मधल्या, म्हणजे झोपडीधारकांच्या सरकारी पात्रता यादीतल्या, एका रकान्यावर ठरतं: पात्र की अपात्र. झोपडी 1 जानेवारी 2000 रोजी किंवा त्याआधी होती आणि कुटुंब आजही तिथंच राहतं, हे कागदांनी सिद्ध झालं तर घर मोफत. त्यानंतरच्या, पण 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या झोपड्यांना अडीच लाख रुपये भरून. त्यापुढच्यांना नेहमीच्या योजनेत काहीच नाही. कॉलेजच्या मुलामुलींना घरांचा अन्याय समजायचा असेल, तर हा रकाना कसा भरला जातो ते एका गल्लीत बसून पाहावं. भिंती रंगवण्यात एनएसएसचे तास संपवू नयेत.

शंभर घरांची एकच गल्ली घ्या. दहा जणांच्या पाच जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत एक मुलगी असू द्या, कारण संध्याकाळी घरात बहुधा बायाच बोलतात. एका घराला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे जोडीमागे संध्याकाळी पाच घरं. चार संध्याकाळी गल्ली होते. पाचवी बंद घरांसाठी ठेवा. वेळ सात ते नऊ, नाहीतर रविवारी सकाळी. दुपारी गेलात तर घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावर काम शोधणारे मजूर आणि फेरीवाले यांची घरं कुलूपबंद मिळतील. सरकारी सर्वेक्षणातही नेमकी हीच घरं ‘बंद’ म्हणून मागे पडतात.

आधी चाळ कमिटी आणि महिला मंडळाची बैठक घ्या. बिल्डरचा माणूस किंवा पक्षाचा कार्यकर्ता बरोबर घेऊन वस्तीत शिरू नका. प्रत्येक दारात एक वाक्य म्हणायचंच: “हा सरकारी सर्व्हे नाही, यातून कुणी पात्र-अपात्र होणार नाही.” हे राहिलं की लोक आशेने किंवा भीतीने माहिती बदलून सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

नोंदपत्रक कार्बन लावून दोन प्रतींत भरा: एक कुटुंबाकडे, एक कमिटीकडे. रकाने असे: झोपडी क्रमांक (जुना आणि नवा), तळमजला की पोटमाळा, आतली लांबी-रुंदी, राहणारी माणसं, मालक की भाडेकरू, आणि कागद. पोटमाळ्यावरचं कुटुंब वेगळ्या पत्रकावर लिहा. वरच्या मजल्याला नेहमीच्या योजनेत पात्रता मिळत नाही, त्यामुळे एका पत्रकात दोन चुली घातल्या की वरची चूल कागदावरून पुसली जाते.

कागद वाचणं हा खरा अभ्यास. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), सर्वेक्षण पावती, मतदार यादीचा उतारा, वीजबिल, रेशन कार्ड यांपैकी काय आहे, कोणत्या वर्षाचं आहे आणि कुणाच्या नावावर आहे, हे तिन्ही लिहा. मग ते एकमेकांशी ताडून बघा. मतदार यादीत ‘लक्ष्मी गणपत’, रेशन कार्डावर ‘लक्ष्मीबाई’, वीजबिल आधीच्या मालकाच्या नावावर, आणि झोपडी क्रमांक मधल्या काळात बदललेला: असं घर खरंखुरं जुनं असूनही अपात्र ठरू शकतं. असा फरक दिसला की तो लाल पेनाने जसाच्या तसा लिहा, ‘दुरुस्त’ करू नका. 2000 सालच्या यादीचा प्रमाणित उतारा मतदार नोंदणी कार्यालयाकडे मागता येतो. त्यासाठी यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो, म्हणून तेही टिपा. पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं असतं, तेव्हा बायकोचं नाव कोणत्या कागदावर आहे हे वेगळं विचारा. बऱ्याच घरांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला जातो.

मूळ कागद घराबाहेर नेऊ नका, आधार क्रमांक लिहू नका, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पात्र झोपडीला बाजारात भाव असतो. दलालाच्या हाती अशी यादी लागली की पहिला गळा विधवांचा आणि एकट्या म्हाताऱ्यांचा धरला जातो.

शौचालय सकाळी सहा ते आठ या वेळेतच मोजा. कडी, पाणी आणि दिवा असलेलीच सीट चालू धरा. स्वच्छ भारत अभियानाचा निकष 35 पुरुषांमागे एक आणि 25 बायकांमागे एक सीट असा आहे. शौचालयाचे एका वेळचे पैसे × माणसं × 30 हा महिन्याच्या खर्चाचा गुणाकार प्रत्येक घराच्या पत्रकावर करा. पाण्यासाठी 20 लिटरची कळशी भरायला लागणारी मिनिटं टिपली तरी पुरे.

पाचव्या संध्याकाळी बंद घरं उरकली की सगळी पत्रकं गटागटाने जमिनीवर मांडा: भाडेकरू, पोटमाळा, 2011 नंतरचे, नावात फरक असलेले. कोण बाहेर पडतं ते मुलांना स्वतः दिसतं. त्याच बैठकीत दोन निकाल वाचा. 1985 च्या ओल्गा टेलिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला, तरी पदपथावरच्या झोपड्या हटवण्याची मुभा दिलीच. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, 2000 नंतरच्या झोपड्यांनाही पाणी नाकारता येणार नाही असं सांगितलं. तारखेच्या रेषेवर वाद घालायला ही जोडी चांगली आहे.

परिशिष्ट-२ निघालं असेल तर त्याची प्रत माहिती अधिकारात मागा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. अपात्र ठरलेल्याचं अपील मात्र वेगळं असतं आणि त्याची मुदत यादी लागल्यावर लगेच धावू लागते. म्हणून यादी लागेल त्याच दिवशी तिचा तारखेसह फोटो घ्या आणि लाल पेनाच्या घरांना त्याच संध्याकाळी जाऊन सांगा.