जुनी रेड वाइन: नागपुरात या चुका टाळा

जुनी रेड वाइन बहुतेक वेळा ग्लासात पडण्याच्या कितीतरी आधीच बिघडलेली असते, आणि नागपुरात ती बिघडवतो तो उन्हाळा. वाइन वर्षानुवर्षे मुरवायची तर 12 ते 14 अंशांचे स्थिर तापमान, अंधार आणि थोडी दमट हवा लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. तरीही दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात बाटली उभी करून ठेवणारी मंडळी मला दरवर्षी भेटतात.

धरमपेठेतील एका स्नेह्यांनी 2005 सालच्या बोर्डोची (फ्रान्सच्या बोर्डो भागातील रेड वाइनची) बाटली मुलाच्या लग्नासाठी अशीच नऊ वर्षे राखून ठेवली होती. खोलीत कूलर होता, पण तो रात्रीच चालत असे आणि दुपारी बंद घराच्या भिंती तापत राहत. बाटली उघडायला त्यांनी मला बोलावले, तेव्हा बूच काठाच्या वर आलेले आणि त्याखाली चिकट ओघळ वाळलेला पाहून माझ्या मनात पाल चुकचुकली. उष्णतेने वाइन प्रसरण पावून बूच बाहेर ढकलते, गार होताना हवा आत ओढते, आणि उभ्या बाटलीतील बूच कोरडे पडते ते वेगळेच. ज्या वयात ती वाइन गडद लाल असायला हवी होती, त्या वयात ग्लासात तपकिरी, शिजवलेल्या मनुकांच्या आणि शिरक्याच्या वासाची वाइन उतरली. माझे मत स्पष्ट आहे: इन्व्हर्टरवर चालणारा वाइनचा स्वतंत्र फ्रिज नसेल, तर आणलेली बाटली नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागण्यापूर्वी पिऊन टाकावी. नाशिकच्या बहुतेक रेड वाइन तर मुरवण्यासाठी बनवलेल्याच नसतात.

दुसरी चूक घाईची. मुरताना टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारी तुरट द्रव्ये) आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन गाळ होऊन तळाशी बसतात. पुण्याहून गाडीतून आणलेली बाटली त्याच संध्याकाळी उघडली, तर तो कडवट गाळ प्रत्येक ग्लासात येतो, आणि चहाच्या गाळणीने तो अडत नाही, कारण त्याचे कण फार बारीक असतात. मी बाटली दोन दिवस उभी ठेवतो, मग मेणबत्तीच्या उजेडात मानेकडे पाहत एकाच संथ धारेने डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत, ओततो आणि गाळ बाटलीच्या खांद्याशी आला की थांबतो. पंचवीस-तीस वर्षांची नाजूक वाइन तासन्‌तास उघडी ठेवण्याचा सल्ला ऐकू नये. तिचा सुगंध अर्ध्या तासातही उडू शकतो.

‘खोलीचे तापमान’ म्हणजे 16 ते 18 अंश, नागपूरची खोली नव्हे. जुन्या, ठिसूळ बुचासाठी त्याच्या कडेने आत सरकणारे दोन पात्यांचे ओपनर वापरावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती बाटली गेली. हवा देऊन ती सुधारत नाही.

सावजी रश्शासोबतही जुनी वाइन उघडू नये, कारण तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि मुरलेला सुगंध जाणवत नाही. मी त्या दिवशी मीठ-मिरपुडीचे भाजलेले मटण ठेवतो आणि सावजीचा बेत दुसऱ्या दिवशी करतो.