व्हीएमचं नेटवर्क स्लो आहे म्हणून क्यू वाढवत सुटू नका

व्हीएमचं, म्हणजे एका मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरचं, नेटवर्क जरा रखडलं की पोरं पहिलं काय करतात, तर कुठूनतरी कमांड उचलून क्यू साइझ, म्हणजे डेटाची पॅकेटं थांबायच्या रांगेची लांबी, वाढवतात. ड्रॉप, म्हणजे पॅकेटं टाकून दिली जाणं, नेमके कुठं होतायत ते बघायला कुणाला वेळ नसतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात केव्हीएमवर (लिनक्समधली व्हीएम चालवायची सोय) बिलिंगचं व्हीएम होतं. तिथल्या नव्या पोरानं होस्टच्या (व्हीएम ज्याच्यावर चालतं त्या मशीनच्या) लॅन कार्डावर थोडे ड्रॉप बघितले आणि टीएक्स-क्यू-लेन (बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या रांगेची लांबी) 1000 चं थेट 10000 केलं. ड्रॉप शून्य, पोरगं खूश. पण बॅकअप सुरू झाला की रिमोट डेस्कटॉपवर बसलेल्या काकूंचा आरडाओरडा, "मी टाइप केलेलं लगेच उमटंना की ओ!" पुढचा स्विच जुना, 100 एमबीपीएसचा. आता तुम्हीच हिशेब करा, 1500 बाइटची 10000 पॅकेटं म्हणजे 15 एमबी, क्यू भरली की ती त्या लाइनवरून जायलाच 1.2 सेकंद, आणि काकूंचं एक अक्षर त्या सगळ्यांच्या मागं उभं. थोडे ड्रॉप व्हायलाच पाहिजेत ओ, त्यावरूनच तर टीसीपीला कळतं की वेग कमी करायचाय. 1000 परत केलं, स्विच गिगाबिटचा बसवला, विषय संपला.

होस्टवरच्या व्हीनेट इंटरफेसवर (व्हीएमला जोडणारं आभासी कार्ड) टीएक्स, म्हणजे पाठवतानाचे, ड्रॉप दिसले तर ते गेस्टचे (व्हीएमचे) आरएक्स, म्हणजे घेतानाचे, आहेत, उलटं वाचायचं. म्हणजे गेस्ट पॅकेट वेळेत उचलत नाहीय. अशा वेळी मी आधी गेस्टमध्ये टॉप लावून स्टील टाइम (सीपीयू हवा असून होस्टनं दिला नाही तो वेळ) बघतो, सीपीयूच मिळत नसेल तर रिंग, म्हणजे कार्डाची ही क्यू, वाढवून काय उपयोग? सीपीयू मोकळा असून झटक्यात येणाऱ्या ट्रॅफिकला ड्रॉप होत असतील तरच आरएक्स क्यू साइझ 256 वरून 1024 करतो. 1024 च्या वर जात नाही, आणि आकडा दोनच्या घातातलाच लागतो, 1000 टाकलं तर व्हीएम सुरूच होणार नाही.

टीएक्स साइझ साध्या व्ही-होस्टवर (व्हीएमची पॅकेटं होस्टच्या कर्नलमधून हलवायची नेहमीची पद्धत) 256 च्या वर चालत नाही, उगाच डोकं आपटू नका.

व्हीएमच्या सेटिंगची एक्सएमएल फाइल बदलून गेस्टच्या आतून रीबूट मारायचा आणि "काहीच फरक नाही" म्हणायचं, हे तर रोजचंच झालंय. व्हीएम पूर्ण शटडाउन करून परत चालू करा, मग गेस्टमध्ये एथटूल कमांडनं रिंगचा आकडा बघा, तेवढा धीर नसेल तर या भानगडीत पडूच नका.

मल्टिक्यू, म्हणजे एकाच कार्डाला अनेक क्यू, लावताना त्यांची संख्या व्हीसीपीयूपेक्षा (व्हीएमला दिलेल्या सीपीयूंपेक्षा) जास्त ठेवू नका. आणि वेग मोजायची आयपर्फ टेस्ट एकाच स्ट्रीमवर घेऊन मल्टिक्यूला शिव्या देऊ नका, एक कनेक्शन साधारण एकाच क्यूतून जातं, चार-पाच स्ट्रीम लावून बघा.