कार्पेट बोलिंग खेळताय? मग या चुका टाळा

परभणीत आमच्या ज्येष्ठांच्या हॉलात रोज संध्याकाळी कार्पेट बोलिंग चालतं, म्हणजे कार्पेटवरून बॉल घरंगळत सोडून 'जॅक' नावाच्या छोट्या बॉलच्या जवळात जवळ थांबवायचा खेळ, अन् नवीन माणूस आला की त्याच त्याच चुका, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कार्पेटची घडी घालणं. तीस फूट लांब, सहा फूट रुंद कार्पेट, कुणालाही वाटतं चादरीसारखं दुमडावं. मागं गणपतीत हॉल रिकामा करायचा होता, पोरांनी घाईत चार घड्या घालून स्टेजखाली सारलं अन् वर खुर्च्या रचल्या. दहा दिवसांनी अंथरलं तर आडवे वळ, हात फिरवला की बोटाला लागायलेत. जॅकजवळ हळू होत आलेला बॉल वळावर आला की थबकायचा, नाहीतर भलतीकडंच जायचा. आमच्यातले एक काका, सगळ्यात बसलेला हात त्यांचा, लागोपाठ तीन बॉल वाया गेले तर म्हणाले, "आता हात गेला माझा, उद्यापासून येत नाही." लई वाईट वाटलं बघा, दोष कार्पेटचा अन् माणूस स्वतःला थकलेला समजायला लागला. दोन दिवस उलटं गुंडाळून ठेवलं, मग वळांवर रात्रभर पुस्तकांचे गठ्ठे, तेव्हा कुठं सपाट झालं, अन् काकांना मी घरी जाऊन घेऊन आलो. आता चार इंची पीव्हीसी पाइपावरच गुंडाळायचं, दोघांनी, सावकाश, अन् मी समोर असल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

दुसरी चूक, बॉल उलटा धरणं. बॉल एका अंगानं मुद्दाम वेगळा घडवलेला असतो, वेग कमी होईल तसा छोट्या खुणेच्या बाजूला जास्त वळतो. छोटी खूण बाहेर राहिली की बॉल थेट कार्पेटबाहेर. मी दरवेळी तोंडानं "छोटी आत" म्हणतो अन् मगच टाकतो. काहीजण म्हणतात हा खेळ म्हणजे पोरखेळ आहे. अहो, 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया अन् रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला 17-10 हरवून लॉन बोल्सचं, म्हणजे याच खेळाच्या हिरवळीवरच्या भावंडाचं, सुवर्ण आणलं, तिथंही बॉल असाच वळतो.

जोर लावू नका, जोरात गेलेला बॉल फारसा वळत नाही. फरशीवर नुसते मोजे घालून उभं राहू नका. बॉल हातातून आपटू नका, खाली नेऊन सोडा.

गुडघे दुखत असतील तर डाव्या हाताला लाकडी खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको, ती सरकते.