कच्ची एचटीटीपी रिक्वेस्ट बांधायची कशी आणि उत्तर वाचायचं कसं

एपीआयकडून थोडं जेसन आणण्यापुरतंच काम असेल तर सरळ ‘रिक्वेस्ट्स’ किंवा ‘एचटीटीपीएक्स’ या पायथनच्या तयार लायब्ररी वापरा, पुढचं वाचायची गरज नाही. ज्यांना प्रॉक्सी (क्लायंट आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ) लिहायचा आहे, सर्व्हरची चाचणी घ्यायची आहे किंवा पकडून ठेवलेली रिक्वेस्ट उलगडून बघायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

मी पायथनमधली ‘एच११’ लायब्ररी वापरतो. ती सॉकेटला (नेटवर्कवर बाइट पाठवण्या-घेण्याच्या दाराला) हात लावत नाही, की टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) करत नाही. तिला बाइट दिले की ती घटना (‘हेडर आले’, ‘डेटा आला’ अशी नोंद) देते आणि घटना दिली की बाइट. आवृत्ती ०.१६.० किंवा तिच्या पुढचीच घ्या. त्याआधीच्या आवृत्त्या चंक्ड बॉडीतल्या (म्हणजे लांबी लिहिलेल्या तुकड्यांनी पाठवलेल्या मुख्य मजकुरातल्या) ओळीच्या शेवटांबाबत ढिल्या होत्या. पुढे उभा असलेला सदोष प्रॉक्सी एक अर्थ लावतो, मागचा सर्व्हर दुसरा, आणि त्या फटीतून एका रिक्वेस्टच्या पोटात दुसरी लपवून पाठवता येते.

बांधणी सोपी आहे. क्लायंटच्या भूमिकेतलं कनेक्शन तयार करा, त्याला मेथड (काय करायचं), टार्गेट (कोणता पत्ता) आणि हेडर (सोबतची माहिती) असलेली रिक्वेस्ट द्या, बॉडी असेल तर डेटा द्या आणि शेवटी ‘एंड ऑफ मेसेज’. दर वेळी हाती येणारे बाइट सॉकेटवर लिहून टाका. होस्ट हेडर विसरलात तर लायब्ररी तिथेच अडवते.

बॉडी पाठवताना मात्र कंटेंट-लेंग्थ (बॉडीची लांबी सांगणारं हेडर) बाइटमध्ये मोजा. ‘नमस्कार’ या शब्दाची पायथनच्या स्ट्रिंगमधली लांबी ७ येते, पण यूटीएफ-८ मध्ये त्याचे २१ बाइट होतात. आधी एन्कोड करा, मग मोजा. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्यांना हा घोळ कधी दिसतच नाही.

आता खरी अवघड जागा: उत्तर संपलं हे ओळखायचं कसं? मला सगळ्यांत जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि चुकीचे सल्लेही सगळ्यांत जास्त इथेच मिळतात. ‘सॉकेटमधून एकदा ४०९६ बाइट वाचा आणि रिकाम्या ओळीवर तोडा.’ ‘अर्धा सेकंद थांबा, तोवर सगळं येतं.’ ‘टाइमआउट झाला म्हणजे संपलं.’ तिन्ही सल्ले स्वतःच्या मशीनवर झकास चालतात, कारण तिथे छोटं उत्तर बहुधा एका झटक्यात येतं. टीसीपीला (बाइट वाहून नेणाऱ्या खालच्या प्रोटोकॉलला) संदेश माहीतच नसतो, त्याच्याकडे फक्त बाइटचा प्रवाह असतो. तांब्या भरला म्हणून नळाचं पाणी संपलं असं कोणी म्हणत नाही. एका वाचनात अर्धं हेडर येऊ शकतं किंवा देवनागरी अक्षराचे तीनपैकी दोनच बाइट येऊ शकतात. म्हणून तुकडे आले तसे डीकोड करू नका. बाइट साठवा आणि डीकोड सगळ्यात शेवटी करा.

शेवट कुठे हे प्रोटोकॉल ठरवतो. चंक्ड असेल तर शून्य लांबीच्या चंकवर, नाहीतर कंटेंट-लेंग्थएवढे बाइट झाल्यावर, आणि दोन्ही नसतील तर समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर. २०४ आणि ३०४ स्टेटस कोडच्या उत्तरांना बॉडीच नसते. हेड (फक्त हेडर मागणाऱ्या) मेथडच्या उत्तरात कंटेंट-लेंग्थ ५००० लिहिलेली असली तरी मागून एकही बाइट येत नाही. त्यामुळे रिक्वेस्ट हाताने स्ट्रिंग जोडून पाठवायची आणि उत्तर तेवढं लायब्ररीला वाचायला द्यायचं, असला अर्धवट कारभार करू नका. आपण काय विचारलं होतं हे तिला कळत नाही आणि ती त्या ५००० बाइटची वाट बघत बसते. दोन्ही कामं एकाच कनेक्शन ऑब्जेक्टवर करा.

लूप असा ठेवा. आधी ‘नेक्स्ट इव्हेंट’ विचारा. ‘नीड डेटा’ आलं तरच सॉकेटमधून वाचा आणि जे मिळेल ते ‘रिसीव्ह डेटा’ला द्या. मग पुन्हा विचारा, थेट ‘एंड ऑफ मेसेज’ येईपर्यंत. सॉकेटने रिकामे बाइट दिले (म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलं) तर तेही लायब्ररीला द्या! लोक नेमके इथे लूप तोडून बाहेर पडतात. कनेक्शन बंद होणं हाच शेवट असलेल्या उत्तरात मग समारोपाची घटना येतच नाही. आणि कंटेंट-लेंग्थ पूर्ण होण्याआधी समोरचा गेला असेल तर मिळायला हवी ती एररही मिळत नाही, अर्धं उत्तर पूर्ण समजून पुढे जातं. टाइमआउट जरूर लावा, पण तो झाला म्हणजे बिघाड झाला असं धरा.

डेटाची एक घटना म्हणजे एक चंक, असंही समजू नका. आणि अंतिम उत्तराआधी १०० किंवा १०३ सारखं माहितीपर उत्तर येऊ शकतं, ते बघून पुढे सरका.

पकडून ठेवलेली रिक्वेस्ट वाचायची असेल तर हाच लूप सर्व्हरच्या भूमिकेत चालवा. फाइल बायनरी मोडमध्येच उघडा. टेक्स्ट मोडमध्ये पायथन ओळीच्या शेवटचे दोन बाइट मिटवून एक करतो आणि बॉडीचा हिशोब चुकतो. हेडरची नावं लहान अक्षरांत मिळतात, मूळ लिखाण बघायचं असेल तर कच्ची यादी वेगळी मागा.

त्याच कनेक्शनवर पुढची रिक्वेस्ट पाठवायची असेल तर ‘स्टार्ट नेक्स्ट सायकल’. ते नाकारलं गेलं तर वाद न घालता सॉकेट बंद करून नवा उघडा.