खान्देशच्या उन्हात इमू पाळताना या चुका टाळा

"वाळवंटातला पक्षी आहे, त्याला आपल्या उन्हाचं काय, भाऊ?" इमू आणणाऱ्यांच्या तोंडून मी हेच ऐकत आलोय. इमू, म्हणजे शहामृगासारखा न उडणारा मोठा पक्षी, ऑस्ट्रेलियाचा, हे खरं. पण तिथे त्याला मानवतो विरळ झाडीचा, गवताचा मुलूख. घनदाट पावसाळी जंगल तो टाळतो, आणि ऐन कोरड्या वाळवंटात पाऊस पडून गेल्याशिवाय सहसा दिसत नाही. चारापाणी आटलं की चालू लागतो, शेकडो किलोमीटर. १९३२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात असेच चालत आलेले इमू गव्हाच्या शेतांत शिरले, तेव्हा त्यांच्यावर लष्कराने मशीनगन चालवल्या होत्या.

जाळीच्या आत मात्र तो चालून चालून जाणार कुठे? भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. नुसतं पत्र्याचं शेड म्हणजे तापलेला तवा. कडुलिंबाची सावली हवी, आणि तिच्याखाली उथळ खड्ड्यात सोडलेलं पाणी. इमू त्यात खुशाल बसून राहतो.

एकदा मेमध्ये भर दुपारी मी एका पक्ष्याला दुसऱ्या वाड्यात हलवायला गेलो. चौघांनी मिळून पळवलं. थोड्याच वेळात चोच उघडी, धाप लागलेली. पाय पसरून बसला, तो उठलाच नाही. उन्हात अति पळवलं की स्नायूच निकामी होतात, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून नंतर कळलं. तेव्हापासून हलवाहलव पहाटे, आणि हळूहळू हाकत. समोर उभं राहू नका, लाथ पुढेच बसते.

कुंपणाला काटेरी तार नको. सहा फुटी विणलेली जाळी लावा. काम संपलं की जमिनीवरून चुंबक फिरवा. अन्न दळायला इमू खडे गिळतोच, त्या नादात खिळे आणि तारेचे तुकडेही गिळतो. ठिबकच्या नळीचे तुकडे चुंबकाला लागत नाहीत, ते हातानेच वेचायचे.

आपल्याकडे अंडी साधारण ऑक्टोबर ते मार्च. पुढे थांबली म्हणून औषधं देत बसू नका. उबवतो नर, सुमारे आठ आठवडे, आणि तेवढे दिवस तो जवळजवळ काही खात नाही. शेजारच्या मळ्यातल्या भाऊंनी अशा नराला आजारी समजून टॉनिक पाजायला उठवलं. तो पुन्हा बसलाच नाही, अंडी वाया गेली.

"पिल्लं घ्या, पक्षी आम्हीच परत घेऊ" या कंपन्यांच्या बोलीवर तर पैसे मुळीच टाकू नका. तामिळनाडूत पेरुंदुराईला २०१२ साली अशाच योजनेत हजारो लोकांचे पैसे बुडाले. आणि पोसवत नाही म्हणून सातपुड्यात सोडून द्यायचं, ही त्याहून मोठी चूक. आयत्या खाद्यावर वाढलेला पक्षी तिथे काय करणार? आमचा एक सुटला होता. दुसऱ्या दिवशी सापडला तो शेजारच्या गुरांच्या हौदापाशी, पाणी पिताना.